घरी जोडलेल्या किट कारची नोंदणी आणि विमा: ओहायोत करावा की कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर?

जोडारी

नमस्कार. गेले चौदा महिने मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी कोलंबसजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये दोन आसनांची एक किट कार जोडत आहोत. गाडी १९६५ सालच्या शेल्बी कोब्रा या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या घाटाची आहे. चौकट, फायबरग्लासची बॉडी आणि ॲल्युमिनियमचे पत्रे किट विकणाऱ्या कंपनीकडून खोक्यांतून आले. मागचा ॲक्सल, स्टिअरिंगचा दांडा आणि काही किरकोळ भाग आम्ही एका अपघातग्रस्त मस्टँगमधून काढले. पायापाशी येणारे पत्रे रिव्हेट मारून बसले आहेत, ब्रेकच्या नळ्या वाकवून जागेवर आल्या आहेत आणि गाडीचा पुढचा भाग आता स्वतःच्या चाकांवर उभा आहे. इंजिन मात्र अजून घेतलेले नाही, म्हणूनच हा प्रश्न आत्ता विचारत आहे.

आतापर्यंत माझी समजूत अशी होती की गाडी पूर्ण झाली की कागदपत्रांचे पाहू. पण कार्यालयातून पुढच्या उन्हाळ्यात सॅन होजेला बदली होण्याची चिन्हे दिसू लागली आणि चौकशी करू लागलो, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक राज्याचा कायदा घरी जोडलेल्या गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. एका राज्यात जी गाडी १९६५ सालची मानली जाते, तीच दुसऱ्या राज्यात जोडणी पूर्ण झाली त्या वर्षाची ठरते, आणि त्या एका आकड्यावर धुराच्या तपासणीपासून विम्यापर्यंत सगळे अवलंबून राहते. माझ्यापुढे दोन इंजिने आहेत. एक ऐंशीच्या दशकातले कार्बोरेटरवाले व्ही-८, जे स्वस्तात मिळते आहे, आणि दुसरे कारखान्यातून खोक्यात येणारे नवे इंजिन, ज्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट आहे.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एकाने सांगितले की मोंटानात कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घे, म्हणजे विक्रीकर नाही आणि तपासणीही नाही. विम्याच्या एका एजंटने तर फोनवर सरळ ‘१९६५ची फोर्ड म्हणून लिहूया’ असे सुचवले, कारण त्याच्या संगणकाला आमच्या चौकटीवरचा क्रमांक ओळखताच येईना. मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत, पण न पटण्यामागची कारणे नीट मांडता येत नाहीत. ज्यांनी या वाटेने प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. ओहायोत नोंदणी उरकून मग गाडी न्यावी, की अर्धवट गाडी तशीच ट्रेलरवरून न्यावी? जोडणी चालू असताना विमा मिळतो का? आणि मुलीला ही गाडी कधी चालवता येईल का? कारण तिचा खरा प्रश्न तोच आहे.

पाना-पक्कड

जोडारी, मी ओहायोतच अशी गाडी जोडून रस्त्यावर आणली आहे, म्हणून इथल्या भागापुरते खात्रीने लिहितो.

टायटल आणि रजिस्ट्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनात पक्के करा. ओहायोत मालकीचा कागद, म्हणजे टायटल, काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल कार्यालयातून मिळते, आणि नंबरप्लेट बीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या, डेप्युटी रजिस्ट्रारकडून मिळते. टायटल घेतले म्हणून प्लेट घ्यावीच लागते असे नाही. पण घरी जोडलेल्या गाडीला टायटल मिळण्याआधी स्टेट हायवे पेट्रोलची तपासणी होते. तिची वेळ आधी ठरवावी लागते आणि गाडी ट्रेलरवरून न्यावी लागते, कारण तोवर तिला रस्त्यावर धावण्याचा हक्कच नसतो.

या तपासणीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. अधिकारी तुमची जोडणी किती सुबक आहे हे पाहायला येत नाही. चौकट, इंजिन, गिअरबॉक्स हे मोठे भाग चोरीचे नाहीत आणि ते तुमच्याच मालकीचे आहेत, एवढे त्याला कागदावरून पटले पाहिजे. म्हणून प्रत्येक मोठ्या भागाची पावती हवी, आणि जो भाग दुसऱ्या गाडीतून काढला असेल त्या गाडीचा विन क्रमांक, म्हणजे गाडीची ओळख पटवणारा क्रमांक, त्या पावतीवर हवा. माझी स्वतःची फजिती इथेच झाली. गिअरबॉक्स मी एका गृहस्थाकडून रोख पैसे देऊन घेतला होता आणि पुरावा म्हणून माझ्याकडे फोनमधले चार संदेश होते. अधिकाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून गिअरबॉक्सच्या कडेचा क्रमांक टॉर्चच्या उजेडात वाचला, माझ्या फायलीतली पाने उलटली आणि शांतपणे सांगितले की या क्रमांकाचा कागद घेऊन पुन्हा या. ट्रेलर भाड्याचा होता, दिवस वाया गेला आणि विक्रेत्याला शोधून त्याच्या सहीची रीतसर पावती करून घेण्यात तीन आठवडे गेले. म्हणून तुमच्या मस्टँगचे मूळ टायटल किंवा सॅल्व्हेज टायटल (अपघातात निकामी ठरलेल्या गाडीचा मालकीचा कागद) सापडत असेल तर आजच फायलीत लावा आणि गाडीचा उरलेला सांगाडा भंगारात दिला असेल तर त्याचीही पावती ठेवा.

किटबरोबर आलेले मॅन्युफॅक्चरर्स सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, ज्याला सगळे एमसीओ म्हणतात, ते तुमच्या गाडीचे जन्मपत्र आहे. त्याची मूळ प्रतच चालते. त्याला लॅमिनेशन करू नका, भोके पाडून फायलीत लावू नका, आणि त्यावरचा क्रमांक चौकटीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवून पाहा. पुढे कोणी अर्धवट किट विकत घेत असेल तर त्याने हे लक्षात ठेवावे की एमसीओवर पहिल्या खरेदीदारापासून आपल्यापर्यंतची प्रत्येक सही सलग असली पाहिजे. मधली एक कडी तुटली की मालकी सिद्ध करणे फार त्रासाचे होते.

आता ‘१९६५ची फोर्ड’ या सल्ल्याविषयी. जुन्या गाडीचे टायटल विकत घेऊन तिची विनची पट्टी नव्या चौकटीवर ठोकण्याची युक्ती पूर्वीपासून चालत आली आहे आणि ती युक्ती नसून गुन्हा आहे. विन क्रमांक काढणे, बदलणे किंवा खोडणे हा केंद्रीय कायद्यानेही गुन्हा आहे. मूळ चौकटच वापरली, उदाहरणार्थ जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या तळावर नवी बॉडी बसवली, तर ती गोष्ट वेगळी. तिथे क्रमांक त्या तळाचाच असतो आणि तरीही बॉडी बदलल्याची नोंद करायला काही राज्ये सांगतात. तुमची चौकट नवी आहे, तेव्हा तुमची गाडी जी आहे तीच कागदावर लिहिली गेली पाहिजे.

धुराच्या तपासणीची काळजी ओहायोपुरती तरी नको. इथली ई-चेक फक्त ईशान्येकडच्या सात काउंट्यांत लागते, आणि कोलंबस त्यांत नाही. पण दिवे, समोरची काच रस्त्यासाठी चालणारी आहे हे दाखवणारी एएस-१ खूण, वायपर, हॉर्न, आरसे, चाकांवरचे मडगार्ड, हँडब्रेक आणि पट्टे हे सगळे रस्त्यावरच्या कायद्याप्रमाणे असायलाच हवे. कोब्राच्या घाटाच्या गाड्यांत लोक शोभेसाठी छोटी काच लावतात. तिच्या कोपऱ्यातली ती बारीक खूण बसवण्याआधी वाचून घ्या.

खाडीकाठ

मी गेली अकरा वर्षे सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात राहतो आणि माझी किट कार इथेच नोंदवली आहे. जोडारींना माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर, बदलीचा निर्णय पक्का होईपर्यंत इंजिनाचे पैसे भरू नका.

कॅलिफोर्नियात घरी जोडलेल्या गाडीला ‘स्पेशली कन्स्ट्रक्टेड व्हेइकल’ म्हणतात, आणि तिच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट एसबी १०० या कायद्याची. हा २००१ साली मंजूर झालेला कायदा दर कॅलेंडर वर्षी पाचशे गाड्यांना एक सवलत देतो. तुमची बॉडी ज्या जुन्या गाडीसारखी दिसते त्या गाडीचे वर्ष, किंवा तुमच्या इंजिनाचे वर्ष, यांपैकी एक निवडून त्याप्रमाणे धुराचे नियम लावून घेता येतात. बॉडी कोणत्याच जुन्या गाडीशी पुरेशी मिळतीजुळती नसेल तर तिला १९६० हे वर्ष दिले जाते. तुमची बॉडी १९६५ची ठरली तर तिला त्या काळाचेच नियम लागतील. शिवाय १९७५ किंवा त्याआधीच्या गाड्यांना इथली दर दोन वर्षांची स्मॉग, म्हणजे धुराची, तपासणी लागत नाही. म्हणजे या वाटेने गेलात तर ते ऐंशीच्या दशकातले कार्बोरेटरवाले इंजिनही चालेल.

दुसरी वाट पाचशेत नंबर न लागलेल्यांची. तिथे गाडीचे वर्ष ती कशासारखी दिसते यावरून ठरत नाही. गाडी नव्याने नोंदली जात आहे म्हणून नव्या काळाचे नियम लागतात, आणि मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफा धरणारा डबा, इंजिनाचा संगणक हे सगळे मंजूर स्वरूपात हवे. जनरल मोटर्सने ई-रॉड नावाने अशी संपूर्ण इंजिने काढली ती याच गरजेतून. त्या वेळी तुमच्या स्वस्त व्ही-८ला इथे काही किंमत उरत नाही. फक्त नवे इंजिन आहे एवढ्यानेही भागत नाही. ते धुराच्या मंजूर सामानासकट असावे लागते, आणि खोक्यातून येणारी सगळीच इंजिने तशी नसतात. म्हणून मी आधी इंजिन आणि मग कायदा हा क्रम उलटा म्हणतो.

पाचशे क्रमांकांचे वाटप जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या वाहन खात्याच्या, कार्यालयांत सुरू होते. पूर्वी काही वर्षी ते त्याच दिवशी संपत. मी स्वतः पहाटे पावणेपाचला थर्मास घेऊन दाराशी उभा होतो. दार उघडल्यावर खिडकीपलीकडच्या ताईंना हा प्रकारच माहीत नव्हता. मी सोबत नेलेले नियमाचे छापील पान त्यांनी वाचले, वरिष्ठांना फोन केला आणि साडेनऊला माझा क्रमांक हाती आला. तुम्हीही ते पान, बांधणीचे निवेदन (गाडी कशी जोडली हे सांगणारा कागद) आणि भरलेले अर्ज जोडीने न्या, कारण असे अर्ज क्वचित येतात आणि खिडकीवर बसलेल्या माणसाकडून प्रत्येक दुर्मीळ नियम पाठ असण्याची अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. त्यानंतर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या स्मॉग रेफरीकडे गाडी न्यावी लागते. बॉडी कोणत्या वर्षाची मानायची हे तो ठरवतो आणि गाडीवर तशी चिकटपट्टी लावतो. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल विन क्रमांकाची पडताळणी करते. ब्रेक आणि दिव्यांचा जो वेगळा दाखला लागत असे, त्याच्या जागी २०२४पासून वाहन सुरक्षेची एकत्रित तपासणी आली आहे. या सगळ्याला मला पाच महिने लागले, आणि त्यातला बराचसा काळ तारखा मिळण्यात गेला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ओहायोत नोंदवलेली गाडी घेऊन आलात म्हणून कॅलिफोर्निया धुराच्या बाबतीत ओहायोचा शब्द प्रमाण मानणार नाही. तुम्हाला रेफरीपुढे जावेच लागेल. त्यातून इथे राहायला आल्यावर गाडी नोंदवायला अवघे वीस दिवस मिळतात. तुम्ही उन्हाळ्यात आलात आणि त्या वर्षीचे क्रमांक संपलेले असले, तर प्लेट असलेली, रस्त्यावर धावणारी गाडी घेऊन तुम्ही अडकून पडाल. अर्धवट गाडी ट्रेलरवरून आणून, इथल्या गॅरेजमध्ये पूर्ण करून जानेवारीत रांगेत उभे राहणे मला अधिक सरळ वाटते.

मोंटानाबद्दल दोन शब्द. मोंटानात विक्रीकर नाही आणि धुराची तपासणीही नाही, हे खरे. पण कंपनीचे टपाल मोंटानात येणार आणि गाडी रोज सॅन होजेच्या रस्त्यावर दिसणार, तर कायद्याच्या दृष्टीने गाडी कॅलिफोर्नियाचीच आहे. परराज्याच्या प्लेटवर कायम फिरणाऱ्या गाड्यांची तक्रार करण्याची सोय हायवे पेट्रोलने नागरिकांना दिलेली आहे. थकलेला कर आणि दंड तर भरावा लागतोच, पण त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. तो जाणकारांनी सांगावा.

छत्रधर

मी या देशात सतरा वर्षे वाहनविम्याच्या क्षेत्रात काम करते, त्यातली शेवटची सहा संग्राह्य गाड्यांच्या विम्यात. वर जे राहिले तेवढेच सांगते.

मोंटानाच्या कंपनीचा धोका असा की पॉलिसीचा हप्ता गाडी रात्री कुठे उभी राहते यावरून ठरतो. पत्ता एका राज्याचा सांगितला आणि गाडी दुसऱ्या राज्यात उभी राहिली, तर ती महत्त्वाची माहिती चुकीची दिली असे होते, आणि अशा कारणाने कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसी मुळापासून रद्दही करू शकते. ‘१९६५ची फोर्ड’ याचेही तसेच आहे. त्या एजंटने मुद्दाम फसवायला सुचवले असेल असे मी म्हणणार नाही. १९८१पासून कारखान्यातल्या गाड्यांना सतरा अंकी विन असतो आणि नेहमीच्या कंपन्यांच्या संगणकाला तेवढाच समजतो. किटचा क्रमांक त्याहून लहान असतो, म्हणून त्याने जे बसते ते बसवले. पण अपघाताच्या दिवशी समोर खरी १९६५ची फोर्ड नसून गेल्या वर्षी जोडलेली प्रतिकृती आहे हे कळायला तपासनिसाला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. संग्राह्य गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या, उदाहरणार्थ हॅगर्टी किंवा ग्रंडी, असे क्रमांक हाताने नोंदवतात आणि ‘प्रतिकृती’ असे स्पष्ट लिहितात. पुढे राज्याने नवा विन दिला तर तो त्याच आठवड्यात पॉलिसीवर चढवून घ्या. टायटल, रजिस्ट्रेशन आणि विम्याचे कार्ड या तिन्हींवर एकच वर्ष, एकच मेक (उत्पादकाचे नाव) आणि एकच क्रमांक दिसला पाहिजे.

किमतीचा मुद्दा मी थोडा सावकाश मांडते, कारण इथेच सर्वाधिक लोक फसतात. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ आणि ‘स्टेटेड व्हॅल्यू’ हे दोन शब्द कानाला सारखे लागतात, पण त्यांत फार अंतर आहे. अ‍ॅग्रीड व्हॅल्यूमध्ये गाडी पूर्ण नष्ट झाली तर आधी ठरलेली रक्कम मिळते. स्टेटेड व्हॅल्यूमध्ये तुम्ही सांगितलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते, आणि त्या दिवशीची बाजारभावाची किंमत तिच्याहून कमी निघाली तर कमीच हाती पडते. तुम्ही हप्ता मात्र मोठ्या रकमेवर भरलेला असतो. एका कुटुंबाचा दावा माझ्यासमोर आला होता. गॅरेजला आग लागून गाडी गेली होती, पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठी रक्कम छापलेली होती आणि हाती आलेला धनादेश तिच्या निम्म्याहून कमी होता. त्या गृहस्थांनी ते पान टेबलावर ठेवले, रकमेवर बोट टेकवले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पॉलिसीचे पहिले पान वाचताना रक्कम शोधू नका, तिच्या शेजारचा शब्द शोधा.

अ‍ॅग्रीड व्हॅल्यू ठरवताना पावत्यांची बेरीज पुरत नाही, कारण तुमच्या आणि मुलीच्या चौदा महिन्यांच्या श्रमांची पावती कुठेच नसते. म्हणून स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या, आणि जोडणीच्या प्रत्येक टप्प्याचे तारखेसकट फोटो ठेवा. बॉडी बसल्यावर चौकटीचे वेल्डिंग आणि ब्रेकच्या नळ्या कोणाला दिसत नाहीत. मूल्यांकन करणाऱ्याला आणि कंपनीला तेच तर पाहायचे असते.

जोडणी चालू असतानाही विमा मिळतो. काही कंपन्या बांधणीतल्या गाडीसाठी वेगळे संरक्षण देतात आणि जसजसे भाग वाढतात तसतशी रक्कम वाढवत नेता येते. घराच्या विम्यावर विसंबू नका. नेहमीच्या घरविम्यात मोटारगाडी आणि तिचे सामान बहुधा वगळलेले असते, आणि गॅरेजच्या फळीवर ठेवलेला ॲक्सल घरसामान धरायचा की गाडीचा भाग हा वाद आग लागल्यानंतर घालण्यात अर्थ नाही. आजच कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. सॅन होजेला ट्रेलरवरून नेताना हेच लागू पडते. ओढणाऱ्या गाडीची लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, ट्रेलरलाही लागू होईल, पण ट्रेलरवरच्या तुमच्या किटचे नुकसान तिच्यात सहसा येत नाही.

जोडारींना कळकळीने सांगायचे आहे ते वेगळेच. इंजिन बसल्यावर बॉडी चढवण्याआधी नुसत्या चौकटीवर बसून गल्लीत एक चक्कर मारायची, अशी किट जोडणाऱ्यांत प्रथाच आहे. प्लेट नाही, लायबिलिटी नाही, मडगार्ड नाहीत, आणि शेजारी सोळा वर्षांची मुलगी बसलेली. त्या दोन मिनिटांत कोणाला लागले तर तुमचे घरदार पणाला लागते. ती चक्कर खासगी जागेत, जागेच्या मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या विमा कंपनीला विचारून मारा.

लायबिलिटीची राज्यांनी ठरवलेली किमान मर्यादा पुरेशी समजू नका. ओहायोत ती एका व्यक्तीच्या इजेसाठी २५ हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी ५० हजार आणि मालमत्तेसाठी २५ हजार आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून ती ३० हजार, ६० हजार आणि १५ हजार झाली, आणि त्याआधी १९६७पासून १५, ३० आणि ५ हजारांवरच अडकलेली होती. तुमच्याकडे अंब्रेला पॉलिसी (बाकीच्या विम्यांच्या वर जादा संरक्षण देणारी) असेल तर तिच्या अटीत लिहिलेली खालची मर्यादा या गाडीच्या पॉलिसीवरही घ्या. रोजच्या गाडीचा विमा एका कंपनीचा आणि किट कारचा दुसऱ्या कंपनीचा असला की मधली फट कोणाच्याच लक्षात येत नाही.

मुलीबद्दल. संग्राह्य गाडीच्या पॉलिसीत गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवणे, रोजच्या वापराला दुसरी गाडी असणे आणि चालकाला काही वर्षांचा स्वच्छ अनुभव असणे या अटी सामान्यतः असतात. घरातल्या नवशिक्या चालकाचे नाव वगळूनच पॉलिसी दिली जाते असेही पुष्कळदा होते. तसे वगळले असेल तर तिला पार्किंगमधून गाडी बाहेर काढायलाही देऊ नका. तिला आज नाही म्हणावे लागेल, पण तिचे नाव बांधणीच्या निवेदनात आणि फोटोंत जरूर असू द्या.

जोडारी

तिघांचेही मनापासून आभार. रात्री आम्ही दोघांनी हे सगळे मोठ्याने वाचले. कार्बोरेटरवाल्या इंजिनाच्या विक्रेत्याला मी थांबायला सांगितले आहे, आणि मस्टँगचे सॅल्व्हेज टायटल एका जुन्या पाकिटात सापडले.

तरी दोन शंका उरल्या आहेत. पाना-पक्कड म्हणतात की टायटल प्लेटशिवाय घेता येते. मग ओहायोत फक्त टायटल घेऊन गाडी ट्रेलरवरून न्यावी, म्हणजे मालकी तरी पक्की होईल, असे चालेल का? आणि २०१५ साली प्रतिकृती गाड्यांसाठी केंद्राने कायदा केला असे वाचले. त्यामुळे राज्यांचे हे वेगवेगळे नियम मोडीत निघत नाहीत का?

पाना-पक्कड

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. तो कायदा तुमच्यासाठी नाही. २०१५चा कायदा लहान उत्पादकांना वर्षाला ३२५पर्यंत तयार प्रतिकृती गाड्या विकू देतो, आणि ती प्रतिकृती किमान पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीची असावी लागते. त्याचे नियम ठरायलाही बरीच वर्षे गेली. घरी स्वतः जोडणाऱ्याचा संबंध अजूनही राज्याशीच येतो. राज्याराज्यांत थोडीफार एकवाक्यता आली आहे ती सेमा या सुट्या भागांच्या व्यवसायसंघटनेने तयार केलेल्या नमुना कायद्यामुळे. त्यात १९४९पूर्वीच्या घाटाच्या गाड्यांना स्ट्रीट रॉड आणि त्यानंतरच्या, किमान पंचवीस वर्षे जुन्या घाटाच्या गाड्यांना कस्टम व्हेइकल म्हणून नोंदवतात, वर्ष ज्या गाडीसारखी दिसते तिचे लिहितात, आणि बदल्यात रोजच्या वापरावर बंधन घालतात. प्रदर्शन, मेळावे, मिरवणुका आणि अधूनमधून फेरफटका एवढेच चालते. बऱ्याच राज्यांनी तो थोडाफार बदलून घेतला आहे, सगळ्यांनी नाही.

पहिल्या शंकेवर माझे आणि खाडीकाठ यांचे मत जुळणार नाही. मी असतो तर टायटल घेतले असते. बदली होईलच असे नाही, आणि हायवे पेट्रोलने एकदा सगळे भाग तपासून दिलेला कागद हाती असला की मालकीचा प्रश्न कायमचा मिटतो. अडचण इतकीच की तपासणीला गाडी पूर्ण लागते, म्हणजे इंजिन आधी घ्यावे लागेल.

खाडीकाठ

मतभेद मान्य आहे, आणि बदली नक्की नसेल तर पाना-पक्कड यांचेच ऐकावे. फक्त टायटलवर वर्ष आणि मेक या रकान्यांत काय छापले जाणार आहे हे अर्ज देण्याआधी टायटल कार्यालयात विचारा आणि छापून आल्यावर खिडकी सोडण्याआधी वाचा. तिथे चुकून नुसते ‘फोर्ड’ किंवा ‘शेल्बी’ आले तर तो कागद इथे आणल्यावर तुम्ही गाडी खोट्या नावाने नोंदवली असा संशय घेतला जाईल, आणि चूक दुरुस्त करायला तुम्हाला पुन्हा ओहायोशीच पत्रव्यवहार करावा लागेल. आमच्या ओळखीतल्या एकाचे त्यात एका वर्षीचे जानेवारीतले वाटप हुकले.

बदली नक्की झाली तर मात्र कागद घेऊ नका, इंजिनही घेऊ नका. किट, एमसीओ आणि पावत्यांची फाइल घेऊन या. फाइल ट्रेलरमध्ये ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा. चौकटीच्या नळीवरचा क्रमांक रंग देण्याआधी जवळून फोटो काढून ठेवा आणि त्या जागेवर चिकटपट्टी लावूनच रंग द्या. माझ्या चौकटीवर पावडर कोटिंगचा थर इतका जाड बसला होता की इथल्या अधिकाऱ्याला तो क्रमांक नखाने चाचपून वाचावा लागला.

छत्रधर

आणि त्या फोटोत क्रमांकाशेजारी मुलीचा हात असू द्या. मूल्यांकन करणाऱ्याला मोजमाप कळते.